'समाधानी आहात का?' विचारून काय कळते?

महोदय,

आरोग्यसेवेबद्दलचे मत रुग्णालये विचारतात ते घरी जायच्या घाईत असलेल्या रुग्णाला. फॉर्म घेऊन कर्मचारी समोरच उभा; माणूस 'समाधानी'वर खूण करणारच. कोणती गोळी कशासाठी, किती दिवस, काय झाले तर लगेच परत यायचे, हे मात्र कोणी विचारत नाही.

गफलत होते ती साध्या शब्दांत. 'एक चमचा' म्हटले की घरात हाताला येईल तो चमचा घेतला जातो. 5 मिली हवे तिथे मोठ्या चमच्याने 15 मिली जाते, म्हणजे थेट तिप्पट. मापाच्या टोपणावर किंवा बिनसुईच्या सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्यावी, काम फत्ते. पॅरासिटॅमॉल तापाच्या गोळीत असते, तसे सर्दीच्या अनेक गोळ्यांतही. नावे वेगळी असल्याने दोन्ही घेतल्या जातात आणि मात्रा नकळत दुप्पट होते.

'समजलं ना?' या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात (डॉक्टरपुढे 'नाही' म्हणायचे कोणी?). त्याऐवजी 'ही गोळी घरी कशी घ्याल, मला सांगा बघू' असे म्हणावे. रुग्ण चुकला तर आपले सांगणे कमी पडले असे धरून दुसऱ्या शब्दांत सांगावे. एका वेळी दोन-तीनच मुद्दे, बाकीचे मोठ्या अक्षरांत कागदावर.

आणि तो फॉर्म? तीन-चार दिवसांनी फोनवर भरून घ्यावा, तोही त्या वॉर्डात काम न करणाऱ्याने.

– रुग्णालयाच्या औषध विभागातील दोन कर्मचारी