तेरा संघांचा खेळाडू

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या इश स्मिथला एकामागून एक संघांनी सोडले, म्हणजे तो कोणालाच नको होता, आणि असे जगण्यापेक्षा व्यावसायिक बास्केटबॉलचा नादच सोडलेला बरा, असे तू लिहिले आहेस. नाद सोडायचा की नाही हे तुझे तू ठरव, मी आडवा येणार नाही. पण ज्या कारणासाठी तू तो सोडू पाहतोस ते कारण मला पटलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, साठ जणांची नावे पुकारली गेली आणि सहा फूट उंचीच्या या पॉइंट गार्डचे, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणाऱ्या खेळाडूचे, नाव त्यांत नव्हते. ह्यूस्टनच्या संघाने त्याला घेतले आणि त्याच मोसमात मेम्फिसला धाडले. पुढे गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स असा त्याचा प्रवास चालू राहिला. सलग तीन मोसम एका जागी तो टिकला तो डेट्रॉइटमध्ये. नंतर वॉशिंग्टन, मग त्याचे स्वतःचे गाव शार्लट, आणि पुढे तेरावा संघ डेन्व्हर, ज्याच्याबरोबर २०२३ साली त्याला विजेतेपद मिळाले. त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या शेवटच्या फेऱ्यांत, तो बहुतेक वेळ बाकावरच होता, हे मी लपवत नाही. तरीही ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी हात लावला नाही तो माणूस चौदा मोसम या लीगमध्ये टिकून राहिला, याला मी अपयश म्हणणार नाही.

माणसे हलवली जातात ती का, हेही नीट समजून घे. एनबीएचे संघ ३० आणि प्रत्येक संघात नियमित करारावरच्या जागा १५, म्हणजे साऱ्या जगातून फक्त साडेचारशे. खेळाडूंची अदलाबदल करताना दोन्ही बाजूंच्या पगारांच्या बेरजा ठरावीक मर्यादेत जुळाव्या लागतात, त्यामुळे मोठ्या पगाराचा खेळाडू आणायचा असेल तर मेळ घालण्यासाठी मधल्या पगाराची दोन-तीन माणसे त्याच्या बदल्यात जातात. त्या दिवशी त्यांच्या खेळाविषयी कोणी काही म्हटलेले नसते. त्यांचा आकडा हिशेबात बसलेला असतो, इतकेच. आणि अशा अनुभवी माणसांची लीगला गरज आहे, याचा पुरावा नियमांतच आहे. अनुभवाबरोबर किमान वेतन वाढत जाते, आणि केवळ त्या खर्चापायी संघांनी जुन्या खेळाडूंना टाळू नये, म्हणून किमान वेतनाच्या एक वर्षाच्या करारातला वरचा भार लीग स्वतः उचलते.

खरी कसोटी लागते ती दहा दिवसांच्या करारात. मोसमाच्या मध्यावर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून, संघ असे करार देऊ शकतात: दहा दिवस किंवा तीन सामने, यांपैकी जे लांबेल ते. एका मोसमात एका संघाला एकाच खेळाडूशी असे दोनच करार करता येतात, आणि त्यानंतर एकतर उरलेल्या मोसमासाठी घ्यायचे, नाहीतर मोकळे करायचे. फोन येतो तो बहुधा कोणी तरी जायबंदी झाल्यावर, म्हणजे संघही घाईत आणि आलेला माणूसही. पहिल्याच दिवशी वैद्यकीय तपासणी, आणि मग हातात टॅब्लेट, त्यात संघाच्या चालींचे व्हिडिओ. चाल बहुधा ओळखीचीच असते, पण तिची खूण बदललेली असते. मागच्या संघात जिच्यासाठी मूठ वर करत होते, तिला इथे एखाद्या रंगाच्या नावाने हाक मारतात. पॉइंट गार्डला तर स्वतःची जागा पाठ असून भागत नाही, बाकी चौघांनी कुठे उभे राहायचे हेही त्यालाच ओरडून सांगावे लागते. बचावात घोटाळा आणखी मोठा. पिक अँड रोल झाला, म्हणजे समोरच्या एकाने आपल्या सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवून मग बास्केटकडे धाव घेतली, की एका संघात सेंटरने, म्हणजे सहसा सर्वांत उंच खेळाडूने, मागे बास्केटपाशी थांबायचे असते, दुसऱ्यात दोघांनी आपापला माणूस बदलून घ्यायचा असतो, तर तिसऱ्यात चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यावर दोघांनी मिळून धावून जायचे असते. जुन्या सवयीने एक पाऊल चुकीच्या बाजूला पडले की समोरच्याला तीन गुणांसाठी मोकळी जागा मिळते, आणि दोष येतो नवख्याच्या माथी. हे सगळे दहा दिवसांत पचवून, चार मिनिटे मिळाली तर त्या चार मिनिटांत संघाचे नुकसान होऊ न देणे, ही विद्या मला उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबण्यापेक्षा, म्हणजे कोणत्याही डंकपेक्षा, मोठी वाटते.

आंद्रे इन्ग्रॅम तुला आठवत असेल. एनबीएच्या खालच्या पातळीवरच्या जी लीगमध्ये दहा वर्षे काढल्यावर, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मोसमाचे शेवटचे दोन सामने उरले असताना लॉस एंजेलिसच्या लेकर्स या एनबीए संघाने त्याला बोलावले. १० एप्रिल २०१८ रोजी ह्यूस्टनविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने १९ गुण केले. त्या दहा वर्षांत त्याने गणिताच्या शिकवण्याही केल्या, कारण जी लीगच्या पगारावर संसार चालवणे सोपे नसते. भौतिकशास्त्राची पदवी त्याने आधीच घेतलेली होती, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

या आयुष्यातला त्रास मी कमी लेखत नाही. मोसमाच्या मध्ये घर हलवायचे, मुलांच्या शाळा बदलायच्या, जोडीदाराने प्रत्येक वेळी नव्या शहरात सुरुवात करायची, हे सगळे खेळाडूच्या घरच्यांनाच सोसावे लागते आणि त्याची नोंद कुठल्याच गुणफलकावर होत नाही. लीगचे निवृत्तिवेतन लागू व्हायला तीन मोसमांची सेवा लागते. दोन मोसम झालेल्या आणि फोनची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या मनाची अवस्था काय असेल, याचाही विचार कर.

एवढे जाणून घेऊनही खेळायचे असेल तर जरूर खेळ, मात्र पदवी पुरी कर. आणि मला तू नेहमी तुझ्या बास्केटचेच व्हिडिओ पाठवतोस, तसे न करता पुढच्या वेळी ज्या सामन्यात तुला कमीत कमी मिनिटे मिळाली त्याचा, तू बचाव करतानाचा, व्हिडिओ पाठव. तो आपण दोघे बसून पाहू.

तुझा,
बाबा