कोणत्या एनडीएत प्रवेश?

महोदय,

‘एनडीएत प्रवेश’ असा मथळा पुण्याच्या पेपरात आला, की निम्म्या वाचकांच्या डोळ्यांपुढे खडकवासल्याचं संचलन उभं राहतं आणि उरलेल्यांना वाटतं, आणखी एका पुढाऱ्याने उडी मारली. खालचा मजकूर वाचल्याशिवाय उलगडा होत नाही.

आमच्या वारजे-उत्तमनगर भागात एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, दुसरं काही नाही. रस्ता एनडीए रोड, बसची पाटी एनडीए गेटची. पं. नेहरूंनी खडकवासल्याला तिची कोनशिला बसवली १९४९ साली. राष्ट्रीय लोकशाही आघाडी स्थापन झाली १९९८ मध्ये. म्हणजे आद्याक्षरांवर पहिला हक्क कुणाचा, हे उघड आहे! हिंजवडीत मात्र हीच अक्षरं नोकरीवर रुजू होताना सहीसाठी पुढे येतात: कंपनीची माहिती बाहेर फोडणार नाही, असा करार. शिवाय अमेरिकेत नवं औषध विकायच्या परवानगीसाठी कंपन्या जो अर्ज करतात, तोही एनडीएच. तो जातो तिथल्या एफडीएकडे. आपल्याकडे एफडीए म्हणजे सणासुदीला भेसळीचा खवा पकडणारं राज्याचं अन्न व औषध प्रशासन. ‘एफडीएकडे एनडीए दाखल’ असं अर्थविषयक पानावर छापलंत, तर बातमी बिनचूक असेल, पण वाचक चहाचा कप खाली ठेवून चष्मा पुसायला घेईल.

पीएमसीचंही तेच. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने जिच्यावर निर्बंध घातले, ती पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. पुण्यात पीएमसी म्हणजे महापालिका. मथळ्यात जागा नाही म्हणून ‘बँक’ गाळलं, तर पुणेकराला महापालिकेचंच दिवाळं निघालं असं वाटणार, आणि रस्त्यावरचे खड्डे बघता त्याचा चटकन विश्वासही बसणार.

निदान बातमीतल्या पहिल्या उल्लेखाला तरी पूर्ण नाव द्यावं, एवढीच विनंती. राजकीय बातम्यांत ‘रालोआ’ लिहायची पद्धत आहेच, तीच पाळावी. जागेची सबब तिथे चालणार नाही. ‘एनडीए’त चार अक्षरं आहेत, ‘रालोआ’त तीन. खडकवासल्यासाठी मात्र नुसतं ‘प्रबोधिनी’ लिहू नका. पुण्यात ते म्हटलं की लोक थेट सदाशिव पेठेत, ज्ञान प्रबोधिनीत पोचतात.

– एक वाचक, वारजे, पुणे