चवथीच्या सुट्टीत कुठले सिनेमे बघशील

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. चवथीला घरी येशील तेव्हा राहून गेलेले गाजलेले सिनेमे बघायचे म्हणतोस. आधी कुठला, सगळ्यांबरोबर कुठला आणि कुठला सोडला तरी चालेल, असं तू विचारलंयस. गाजलेल्या सगळ्यांची जंत्री देत नाही. जे बघून वेळ सार्थकी लागेल तेवढेच सांगतो. ते आता घरीच बघायचे असल्यामुळे टीव्हीत काय बदलायचं तेही लिहितो, कारण अर्धा सिनेमा त्या सेटिंगपायी मरतो.

सुरुवात ‘दशावतार’पासून कर. सुबोध खानोलकरांचा हा सिनेमा १२ सप्टेंबर २०२५ ला आला. दिलीप प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री हा दशावतार या कोकणी लोकनाट्यातला म्हातारा नट केला आहे, आणि तेव्हा त्यांचं वय ८१ होतं. बाबुलीची नजर मंदावते आहे, मुलगा म्हणतो आता पुरे, आणि गावच्या रानावर खाणवाल्यांचा डोळा आहे. पेडण्यात जत्रेला दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, बघत वाढलेल्या माणसाला यात काय काय सापडेल ते आधी सांगून ठेवतो. आधी आड दशावतार होतो, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात आणि काळ्या वेषातला संकासुर हशा पिकवतो. त्यानंतर आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन, तेच डोंगर. साथीला मृदंग, पेटी, झांज. लिहिलेली संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठरतो आणि संवाद नट तिथल्या तिथे बोलतो. रंग स्वतःचा स्वतः लावायचा. म्हणून बाबुलीचे डोळे जाणं ही नुसती करुण गोष्ट राहत नाही. आरशात बघून रंग लावणं आणि समोरच्या नटाचा चेहरा वाचून वाक्य फेकणं ही त्या नटाची दोन्ही हत्यारं डोळ्यांवर अवलंबून असतात. प्रभावळकर हे चालण्यातून दाखवतात. बाबुली गावात चालतो तेव्हा पाऊल चाचपडतं, आणि वेष चढला की तेच पाऊल ठाम पडतं. ते पाय बघ.

उत्तरार्ध मात्र सैल आहे. दुष्ट माणसं एकाच रंगाची आहेत, त्यामुळे पुढे काय होणार ते आधीच कळतं. खाणीचा प्रश्न इतका सोपा नसतो हे आपल्या गोव्याएवढं कुणाला ठाऊक? २०१२ ची खाणबंदी, मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलेले ८८ खाणपट्टे, आणि दोन्ही वेळा ट्रकवाल्यांपासून नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवाल्यांपर्यंत बसलेली झळ. खाणीवर पोट असलेला एक तरी गावकरी सिनेमात नीट उभा राहिला असता तर बाबुलीची लढाई आणखी जड झाली असती. तरीही पहिला मान याच सिनेमाचा.

लोककला घेऊन केलेल्या सिनेमाला मी एकच कसोटी लावतो. ती कला कथेतून काढून टाक आणि बघ, कथा उभी राहते का. राहिली तर ती नुसती सजावट होती. ‘कांतारा’ (२०२२) या कसोटीवर पक्का उतरतो. लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका तिन्ही रिषभ शेट्टींची, आणि त्यातल्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राजानं दैवाच्या, म्हणजे गावच्या राखणदार देवाच्या, बदल्यात गावाला जमीन दिली, पुढच्या पिढीतल्या जमीनदाराला ती परत हवी आहे, आणि मधे वनखात्याचा अधिकारी. जमिनीचा हा सगळा व्यवहार पंजुर्ली दैवाच्या शब्दावर टिकलेला आहे, म्हणून भूतकोला, म्हणजे दैव अंगात येण्याचा विधी, काढला तर कथेत काहीच उरत नाही. शेवटच्या वीसेक मिनिटांत संवाद जवळजवळ नाहीत, पण सगळं कळतं. हिंदी डब बघू नकोस. ओठांच्या हालचालीला जुळावं म्हणून डबिंगमध्ये वाक्यं ताणली किंवा कापली जातात, आणि या सिनेमातलं बोलणं किनाऱ्यावरच्या गावचं, झटकन तोडणारं आहे. कन्नड ठेव आणि खाली उपशीर्षकं लाव. २ ऑक्टोबर २०२५ ला आलेला ‘कांतारा: चॅप्टर १’ नंतर बघ. त्यात देखावा वाढला आहे आणि गाव लहान झालं आहे.

‘मुंज्या’ (२०२४) मुलांना दाखवण्याआधी एकदा तू बघ. आदित्य सरपोतदारांनी कोकणातली समजूत घेतली आहे: मुंज झाली, पण सोडमुंजीआधी मेला, तो मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर राहतो. लग्न राहून गेल्याची त्याची हाव हाच कथेचा कणा, म्हणून कसोटीत हाही पास. मुंज्या सगळा संगणकावर घडवलेला आहे. तो फांदीआड, अंधारात, अर्धाच दिसतो तोवर अंगावर काटा येतो; शेवटी उजेडात बराच वेळ समोर राहिला की त्याचं वजन जाणवेनासं होतं. संगणकी प्राण्याची खरी परीक्षा पाय जमिनीला टेकतात तिथे असते. पाला दबतो का, धूळ उडते का, सावली पायाला चिकटून आहे का, एवढं बघितलंस तरी काम कुठे कसून झालंय आणि कुठे घाईत, ते ओळखता येईल.

‘छावा’बद्दल घरात मतं पडतील. लक्ष्मण उतेकरांचा, फेब्रुवारी २०२५ चा, १६१ मिनिटांचा. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आहे, पण कादंबरीतला आतला माणूस शोधत बसलास तर हाती थोडं लागेल. पूर्वार्धात लढाईमागून लढाई आणि प्रत्येकीत तोच संथ वेग, तेच चढं पार्श्वसंगीत. येसूबाईंना श्वास घ्यायला जागा नाही. संगमेश्वरपासून सिनेमा बदलतो. विकी कौशल आणि कवी कलश झालेला विनीतकुमार सिंह साखळदंडात एकमेकांना कवितेतून उत्तरं देतात, तो प्रसंग या सिनेमाचा सगळ्यात चांगला. अक्षय खन्नांचा औरंगजेब कमी बोलतो, म्हणून लक्षात राहतो. शेवटचा छळ लांब आणि उघडा दाखवलेला आहे, लहान मुलांना उठवून आत पाठव.

घरभर पाहुणे असतील त्या रात्री ‘लापता लेडीज’ लाव. दोन तासांचा आहे, आजीपासून नातीपर्यंत कुणालाही अडचण नाही, आणि दोन नववधूंच्या अदलाबदलीची गंमत पहिल्या वीस मिनिटांत मांडून होते. ‘सैयारा’ सोडलास तरी चालेल, गाणी ऐक.

लांबीचं आधीच सांगतो. ‘पुष्पा २’ २०० मिनिटांचा आणि ‘धुरंधर’ २१४ मिनिटांचा, म्हणजे हा दुसरा साडेतीन तासांच्या वर. ‘धुरंधर’ला प्रौढांचं प्रमाणपत्र आहे, तो दोन भागांतला पहिला आहे आणि रक्तपात भरपूर. असे सिनेमे मध्यंतराभोवती बांधलेले असतात: तासाभरानं चढण सुरू होते, मध्यंतराला धक्का, आणि मग प्रेक्षक चहा-समोसे घेऊन परत येईपर्यंत वेग मुद्दाम उतरवलेला. घरी थांबायचंच तर मध्यंतराला थांब, भलतीकडे नको. दुसऱ्या रात्री उरलेला लाव. मध्येच तोडलास तर उत्तरार्धाची संथ सुरुवात कंटाळवाणी वाटते.

आता टीव्ही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित होतो. नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतः भरून चित्र गुळगुळीत करतात, आणि मग युद्ध मालिकेसारखं दिसतं, मुंज्या खेळण्यासारखा. सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचं जे असेल ते बंद कर, किंवा ‘फिल्ममेकर’ अथवा ‘सिनेमा’ मोड निवड. ‘व्हिव्हिड’ नको, त्यात रात्रीचे प्रसंग निळे पडतात. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर झूम करू नकोस. रुंद पडद्याच्या सिनेमात टीव्हीची जवळजवळ पाव उंची रिकामी राहते. ती भरायला गेलास तर दोन्ही बाजू मिळून पाव चित्र कापलं जातं, आणि ‘दशावतार’मध्ये बाजूचा नट काय करतोय तेच नेमकं बघायचं असतं. ४३ इंची टीव्हीपासून सहा फुटांवर बस, ५५ इंची असेल तर साडेसात. तुमच्या वसरीत सोफा भिंतीला लावलाय, तो पुढे ओढ. खोलीतली ट्यूबलाइट बंद, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा चालू.

आवाजाचं दुखणं वेगळं. थिएटरात संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरातून येतात आणि संगीत चहूकडून. टीव्हीच्या दोन बारीक स्पीकरांत ते सगळं कोंबलं की संगीत संवादाला गिळतं, मग आपण आवाज वाढवतो आणि पुढच्या तोफेला घर हादरतं. ऑडिओच्या यादीत ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवड. टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा नाइट मोड असेल तर तो लाव. भाद्रपदाचा पाऊस पत्र्यावर आला की तेही पुरणार नाही. मराठी सिनेमालाही उपशीर्षकं चालू ठेव.

नवा एखादा त्या आठवड्यात लागला असेल तर पणजीला जाऊ. तिकीट काढताना पडद्यापासून दोन तृतीयांश मागची रांग आणि मधली खुर्ची घे; थिएटरातला आवाज साधारण त्याच जागेवर जुळवलेला असतो. कडेला बसलास तर भिंतीवरचा स्पीकर कानाशी आणि संवाद लांब. चित्र अंधुक वाटलं, कडा मधल्या भागापेक्षा काळ्या दिसल्या, तर दिवा जुना झालाय किंवा थ्रीडीची काच समोरच राहिली आहे. पहिल्या दहा मिनिटांत दारावरच्या माणसाला सांगितलं तर काच काढता येते, मध्यंतरानंतर कुणी लक्ष देत नाही. आणि शो सकाळचा धरू. साडेतीन तासांचा सिनेमा म्हणजे जाहिराती आणि मध्यंतर धरून चार तास; संध्याकाळी साडेसहाला बसलो तर सुटेपर्यंत फोंड्याची बस मिळायची नाही.

तुमच्या टीव्हीचं मॉडेल कळव, कुठलं सेटिंग कुठे सापडेल ते लिहून पाठवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
मित्र