पार्किंगमधल्या २२ किलोवॉटच्या चार्जरबाबत

मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती यांस,
सप्रेम नमस्कार.

पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांसाठी २२ किलोवॉटचा थ्री-फेज चार्जर बसवण्याचा प्रस्ताव सूचनाफलकावर वाचला. चार्जिंगची सोय होतेय याचा आनंदच आहे, पण हा चार्जर नेमका कोणाच्या कामाचा, हे कोणी तपासलेलं दिसत नाही.

भिंतीवर कितीही मोठा एसी (घरात येते तशी वीज देणारा) चार्जर लावा, गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर, म्हणजे ती वीज बॅटरीसाठी डीसीत बदलणारं यंत्र, जेवढी पेलतो तेवढीच वीज गाडी घेते. माझ्या छोट्या गाडीतला ३.३ किलोवॉटचा आहे. ती तासभर त्या यंत्राला लावली तर जेमतेम तीन युनिट घेणार आणि जागा मात्र अडवून बसणार. आलिशान गाड्यांतल्याही बऱ्याच ११ किलोवॉटवरच थांबतात.

'मोठी बॅटरी, म्हणून मोठा चार्जर' असं सभेत म्हटलं गेलं. मर्सिडीज ईक्यूएसची बॅटरी साधारण १०८ युनिटांची, माझी २४ ची, हे खरं. पण रोज बॅटरी पार संपवून घरी कोण येतं? चाळीस किलोमीटर फिरून आलेली मोठी गाडी आठ-नऊ युनिट मागते, माझी सहा. १५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर तीनेक तासांत दोन्हींचं काम होतं, आणि गाड्या तर रात्रभर उभ्याच असतात. लांबच्या प्रवासाची घाई असेल त्यासाठी रस्त्यावरचे डीसी चार्जर आहेत, ते थेट बॅटरीलाच वीज देतात.

तेवढ्याच लोडमध्ये ३.३ किलोवॉटचे सहा पॉइंट बसतात. स्कूटरवाल्यांचीही त्यावर सोय होईल. त्यांची बॅटरी तीन-चार युनिटांची, पण सभेत त्यांचा विषयच निघाला नाही.

सध्या मी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन खाली सोडतो. गेल्या महिन्यात सकाळी प्लग काढताना बोटाला चटका बसला. पाहिलं तर बोर्डाचं पांढरं प्लास्टिक पिनांभोवती तपकिरी होऊन फुगलेलं. चूक माझीच, पण खाली दुसरा पॉइंट आहे कुठे?

तेव्हा विनंती अशी, की ठराव तूर्त थांबवावा आणि सहा पॉइंटांचा अंदाज मागवावा. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाला की बंद पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि सब-मीटर. ज्याची वीज त्याचं बिल. नंतर लोड उरला तर ११ किलोवॉटचा चार्जर ज्याला हवा त्याने स्वखर्चाने लावावा, माझी हरकत नाही.

तो बोर्ड मी टाकलेला नाही. इलेक्ट्रिशियन पाहणीला येतील तेव्हा खाली घेऊन येतो.

आपला,
बी-१०४ मधील सभासद