टेपचं दुसरं टोक

आदरणीय आर्किटेक्ट मॅडम,

जय ख्रिस्त.

आमच्या मिशन हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात परवापासून पुन्हा वारा खेळतोय. आभार मानायला फोन केला होता, पण रडूच आलं. म्हणून हे पत्र, सगळ्यांनी वाचावं असं.

तुमच्याआधी एक साहेब येऊन गेले. वॉर्डात जेमतेम एक फेरी, तीही नाकाला रुमाल लावून. मग फॉल्स सीलिंग आलं, वरचे झरोके त्यात गडप. व्हरांड्याला न उघडणारी काच. दिसायला हॉटेल, आणि आत खोकणारे पेशंट, ऐन मे महिन्यात! बोलले तर म्हणे, "सिस्टर, जुनं डिझाइन आता चालत नाही."

माझं नर्सिंग मिरजेचं. जवळच वॉनलेसवाडीचं क्षयरुग्णांचं सॅनेटोरियम. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा मोकळी हवा हाच मोठा आधार होता, हे आम्ही शिकलेलो. आणि तुम्हीच सांगितलंत ना, पेरूमधल्या लिमा शहरातल्या हॉस्पिटलांत संशोधकांनी हवा मोजली, 2007 साली ते छापून आलं. खिडक्या-दारं उघडी ठेवली की उंच छताच्या जुन्या खोल्यांत हवा तासाला 40 वेळा बदलायची, नव्या खोल्यांत 17 वेळा. जुन्या मिशनरी डॉक्टरांनी एवढी उंच छतं हौसेनं नव्हती बांधली.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. मोजमाप घेताना तुम्ही टेपचं दुसरं टोक आमच्या सफाईच्या मावशींच्या हातात दिलंत आणि विचारलंत, "मावशी, स्लूस रूमचं दार कुठे हवं?" स्लूस रूम म्हणजे बेडपॅन रिकामं करून धुवायची खोली. इतकी वर्षं त्या भरलेलं बेडपॅन घेऊन अख्ख्या वॉर्डातून, जेवणाऱ्या पेशंटांच्या समोरून जात होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. खरं सांगते, मीसुद्धा नाही. त्यांनी बोट दाखवलं आणि तुम्ही तिथेच खडूनं खूण केलीत. आज दार बरोबर तिथेच आहे. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हे दार मी काढलंय."

शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात हो. पण समोरच्याचा हुद्दा न बघता त्याला विचारणारी फार थोडी. देव तुमचं भलं करो.

एक राहिलंच. ओपीडीच्या रांगेवर अकरानंतर ऊन येतं, म्हाताऱ्यांचे फार हाल होतात. पुढच्या खेपेला तेवढं बघाल का? मावशींनाही बोलावून ठेवते.

तुमची,
मेडिकल वॉर्डची सिस्टर