सहा कॅपा नकोत, एकच बसवू

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "लग्नाआधी आईच्या समोरच्या सहाही दातांना कॅपा बसवून टाकू, डॉक्टर तसंच म्हणते." फोनवर माझं पुरतं कोणी ऐकून घेत नाही, म्हणून लिहितेय. सहा कॅपा बसवू नका.

कॅपसाठी दात चहूबाजूंनी एक ते दोन मिलिमीटर घासून त्याचा खुंट करतात आणि त्यावर टोपी बसवतात. घासून गेलेलं कवच पुन्हा येत नाही. आईचे सहापैकी पाच दात धडधाकट आहेत. घराला रंग द्यायचा म्हणून कोणी भिंत अर्धी खरवडते का?

त्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, हे खरं. पण आईच्या माहेरी, झरीकडच्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. पक्के दात हिरडीत तयार होत असताना ते पाणी पोटात गेलं, की दात असेच निघतात. मामाचे बघा, मावशीचे बघा. आई, त्यात तुझा दोष नाही. फोटोत तू ओठ मिटून हसतेस, ते मात्र मलाही खटकतं.

फुटाणा चावताना ज्याचा टवका उडाला, ज्याचं रूट कॅनल होऊन तो काळा पडला, त्या एका दाताला कॅप हवीच. ती आतून धातूची घेऊ नका. हिरडी मागं सरकली की कडेला काळी रेघ दिसते. समोरच्या दाताला झिरकोनिया किंवा पूर्ण सिरॅमिकची बरी.

बाकीच्या पाचांवर व्हिनियर म्हणून सिरॅमिकची पातळ चकती समोरून चिकटवतात. घासावं कमी लागतं, साधारण अर्धा मिलिमीटर. इथल्या एका मैत्रिणीनं लावून घेतल्या, दिसतात छान. पण फ्लोराइडच्या दातावर चिकटवलेलं तितकं घट्ट धरत नाही, दहा-पंधरा वर्षांनी बदलायचा खर्च आहेच, आणि तू गोधडी शिवताना दोरा दातानंच तोडतेस. किती सांगितलं तरी तोडशीलच.

म्हणून आधी दात साफ करून घेऊ. मग डॉक्टरला विचारू, की पट्ट्यांचा वरचा पातळ थर औषधानं घासून काढता येईल का. ब्लीचिंगही करतात, पण तपकिरी रंग त्यानं पूर्ण जाईलच असं नाही, आणि हिरडी सरकून मूळ उघडं पडलं असेल तर सणक मारते. एखादा पट्टा तरीही डोळ्यांत भरला, तर तेवढ्यावर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट लावू. ते काही वर्षांनी पिवळं पडते, टवकेही उडतात, पण दुरुस्ती सोपी.

कॅप सगळ्यात शेवटी. कॅपचा रंग नंतर बदलत नाही, म्हणून बाजूचे दात उजळल्यावर, दोनेक आठवडे थांबून, त्यांच्याशी जुळवून रंग निवडायचा. लग्न उन्हाळ्यात आहे. कापूस घरात आला की निघा, वेळ पुरते.

आता बाबा, तुमचं. आईच्या दातांची एवढी चिंता करता, पण तुमच्या मागच्या दाढेचं रूट कॅनल होऊन ती तशीच उघडी आहे. भाकरी तुम्ही त्याच बाजूनं चावता. अशी दाढ उभी चिरली तर काढावीच लागते. घरात सगळ्यात आधी कॅप कोणाला हवी असेल तर त्या दाढेला. तुमच्या दातांचे डाग सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचे आहेत, ते साफ केल्यानं बरेचसे जातील. मला भीती डागांची नाही. सुपारीनं गाल आतून कडक होतात, तोंड उघडणं कमी होत जाते आणि पुढं कॅन्सरचाही धोका असतो. आरशासमोर तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा, आणि काय ते मला खरं सांगा.

नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथंच दाखवू. शिकणारी मुलं सरांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागते, पैसे कमी. मी सुट्टी टाकते. येताना आईच्या रूट कॅनलचा एक्स-रे आणा, कपाटात सातबाऱ्याच्या फाइलीत आहे. आणि बाबा, त्या दिवशी बसमध्ये खर्रा घोटत बसू नका.

तुमची,
ताई