गळ आधी बघा, पिसं नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कोल्हापुरातली काही पोरं आता हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी जायला लागलीत, फ्लाय (गळावर पिसं-दोरा बांधून केलेला खोटा किडा) पण घरीच बांधतात, बघून लय बरं वाटतं. पण सगळा पैसा घालतात रंगीत पिसांवर आणि गळ घेतात सुट्टा, मिळेल तो. मीही हेच केलं होतं. इथल्याच एका दुकानातनं मूठभर गळ घेतले, त्यावर चार रात्री जागून निम्फ (पाण्यातल्या अळीसारखी दिसणारी फ्लाय) बांधल्या, आणि तिथं पहिलाच चांगला मासा लागला तो दोन हिसक्यात गेला. दोरा ओढून बघतो तर गळ टाचणीसारखा सरळ! पिसं जशीच्या तशी. तेव्हापासून नवीन पाकीट आणलं की त्यातला एक गळ व्हाइसमध्ये (फ्लाय बांधताना गळ धरायच्या चिमट्यात) धरून नेढ्याकडनं बोटानं दाबून बघतो, चांगला असला तर लवून परत जागेवर येतो, मऊ असला तर वाकलेलाच राहतो, ते पाकीट मग बाजूला.

ट्राउट बहुतेक वेळा पाण्याखालीच खातो, दगडांतल्या अळ्या वगैरे, म्हणून निम्फ तळाला गेली पाहिजे आणि म्हणून तिला जाड तारेचा गळ लागतो. नंबर वाढेल तसा गळ लहान होतो हे नवीन माणसाला उलटं वाटतं, पण १२ ते १६ मध्ये बरंचसं काम भागतं. जिग गळ (नेढ्याजवळ वाकवलेला) मिळाला तर घ्याच, त्याचं टोक वर राहतं म्हणून दगडात कमी अडकतो. १४ नंबरला मी २.८ मिमीचा फट असलेला टंगस्टन मणी वजनासाठी घालतो. शिसं वापरू नका हो, ते पाण्यात राहतं आणि विषारी आहे, आणि टंगस्टन त्याच्यापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट जड असताना शिसं कशाला पाहिजे? उलटा काटा पकडीनं दाबून टाकायचा, मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही.

बाकी सामान तर आपल्या दारातच आहे. फ्रँक सॉयर या इंग्लंडच्या नदीराख्याची फेझंट टेल निम्फ दोऱ्याशिवाय होते, नुसतं फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि बारीक तांब्याची तार. ती तार उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं मागितली तर वितभर कोण नाही म्हणत नाही. माझ्या नेहमीच्या निम्फला मात्र दोरा लागतो, तिच्या शेपटीला गावठी कोंबड्याचं तपकिरी पीस. अंगाला मी घोंगडीची काळी लोकर वापरतो, बोटावर थोडं मेण लावून दोऱ्यावर पिळायची आणि गुंडाळून झाली की सुईनं उचकटायची, केस बाहेर आले की पाण्यात अळीच्या पायासारखे हलतात. विकतच्या मऊ लोकरीला ते येत नाही. मोराच्या पिसाचा मोह मात्र टाळा, तो संरक्षित पक्षी आहे.

इथल्या दुकानदारांना एवढीच विनंती आहे, गळ सुटे विकू नका, नंबर आणि तारेची जाडी लिहिलेली पाकिटं ठेवा आणि बिनकाट्याचे पण मागवा. आम्ही दोन पैसे जास्त द्यायला तयार आहोत.

आपला,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर